नदीला हॅलो म्हणणारे काका

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मटण-मासे खाता का, पाहुणे किती येतात, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. खुर्चीवर बसवलं, समोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, "आजपावतर काय काय हरवलं तुमचं?"

मी तेव्हा एकतीस वर्षांची, गणिताची शिक्षिका, लग्न न झालेली. बदली होऊन दारव्ह्यात येऊन चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत सात खोल्या बघून माझं डोकं उठलं होतं. 'काय हरवलं' हे हा माणूस नेमकं कोणत्या अर्थानं विचारतोय, या शंकेनं मी खुर्चीतच ताठ झाले.

"काही नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"नाही."

"मंग तुम्हाले अजून कळलंच नसंल," ते म्हणाले. आणि आत तोंड करून ओरडले, "अवो, खोली देल्ली मी बाईले. चहा ठेव!"

तीन वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिले. पहिले सहा महिने मला वाटायचं, आपण एका वेड्याच्या घरी राहतोय. नंतर वाटायला लागलं, वेडा आहे पण निरुपद्रवी आहे. आणि शेवटी काय वाटलं ते सांगण्यासाठीच तर हे लिहायला बसले आहे.

काका टेलिफोन खात्यात होते. चौतीस वर्षं जमिनीखालच्या केबल जोडल्या. तार कुठे तुटली ते कानाला यंत्र लावून रस्त्यारस्त्यानं ऐकत फिरायचं, मग नेमका तिथेच खड्डा करायचा, जोड द्यायचा आणि टोकाला फोन लावून 'हॅलो' म्हणायचं. पलीकडून कोणी 'हॅलो' म्हटलं की लाइन साफ. ते रिटायर होईतो लोकांच्या खिशाखिशात मोबाइल आले आणि काकांनी जन्मभर केलेले जोड जमिनीत तसेच राहिले. घरी बसून त्यांनी सहा महिन्यांत तीन पंखे, दोन मिक्सर आणि काकूंचं डोकं खोलून ठेवलं, असं काकूच सांगायच्या. मग एक दिवस कुरियरनं लांबलचक खोकं आलं. गल्लीत बातमी पसरली, टेलिफोनवाल्यानं बंदूक मागवली. खोक्यातून निघालं जमिनीतला धातू शोधायचं यंत्र: एक लांब दांडा, त्याच्या खाली ताटाएवढी चकती, वर एक डबी आणि कानाला लावायचे हेडफोन.

तेव्हापासून दर रविवारी काका नदीवर. देवळाखालच्या वाळूत बायका आंघोळी करतात, कपडे धुतात, दहाव्याचे विधी होतात, गणपती-दुर्गा तिथेच शिरवतात. म्हणजे हरवायला याहून चांगली जागा तालुक्यात नाही. काका पहाटे उठून तयार व्हायचे आणि त्यांची ती तयारी हा एक सोहळाच असायचा. अंगावर लोखंडाचा कण नको. पट्ट्याऐवजी नाडीचा पायजमा, रबरी चपला, भाकर केळीच्या पानात गुंडाळलेली, कारण स्टीलचा डबा जवळ असला की यंत्र कावतं. एकदा सदऱ्याचं बटण तुटलं होतं म्हणून काकूंनी सेफ्टी पिन लावून दिली, तर हे अर्ध्या वाटेवरून परत आले आणि पिन काकूंच्या हातात ठेवून पुन्हा गेले. एक शब्द न बोलता! काकू म्हणाल्या, "पाह्यलं का? भांडला असता तं बरं वाटलं असतं."

वाळूत चकती फिरवत ते असे चालायचे की लांबून वाटावं, हा माणूस नदी झाडतोय. कानात आवाज आला की थांबायचे, उकिडवे बसायचे, आणि खड्डा करण्याआधी खाली वाकून हळूच म्हणायचे, "हॅलो?" मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जुनी सवय, दुसरं काय! नदीवरच्या पोट्ट्यांना तो तमाशाच झाला होता. काका दिसले की चारी बाजूंनी 'हॅलो हॅलो' सुरू. काका त्यांनाही तितक्याच आदरानं 'हॅलो' म्हणायचे.

गावात एक गोष्ट पक्की होती: काकूंची कुडी लग्नानंतर त्या नदीत पडली आणि हा बिचारा ती शोधतोय. किती करुण, नाही का! आमच्या स्टाफरूममध्ये तर एका मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी घरी जाऊन काकूंना सांगितलं. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी दोन्ही कान आळीपाळीनं माझ्यापुढे केले. "हे पाह्य एक, हे पाह्य दुसरी. माह्या कानातलं माह्या कानातच हाय. याले कायचं दुःख नाही बाई. याले निरा शौक हाय."

गुप्तधनवालेही यायचे. एकदा एक जण लिंबं आणि काळी कोंबडी घेऊन दारात उभा. त्याच्या वावरात हंडा आहे म्हणे, अर्धा तुमचा. काका शांतपणे म्हणाले, "वावर कोणाचं?" "बाबाचं." "बाबाच्या बाबाचं व्हतं का?" "हो." "त्यायनं तिथं साठ वर्षं नांगर चालवला. त्यायले नाही लागला हंडा, अन् तुले सपन पडलं?" माणूस गेला. कोंबडी मात्र घाईत सुटली, ती दोन दिवस आमच्या जिन्याखाली होती.

आता त्यांचे नियम. हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यांच्यावरच आहे.

घराबाहेर भिंतीवर एक काळा फळा. त्यावर खडूनं एवढंच लिहिलेलं: 'सापडलं आहे. एक. नदीवर. सांगा अन् घेऊन जा.' काय सापडलं ते कधीच नाही. ज्याचं असेल त्यानं येऊन सांगायचं. आणि नुसतं 'अंगठी होती' सांगून भागत नसे. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलं, कुठे बसलात, काय उचललं, कोणी हाक मारली, सगळं. मध्येच कोणी घाईनं शेवटावर उडी मारली की काका हात वर करायचे, "थांबा. त्याच्या आंधी काय केलं?" त्यांचं म्हणणं, माणूस वस्तू कुठे हरवली हे सांगत नाही, कुठे हरवली असावी असं त्याला वाटतं ते सांगतो. पोलिसांनी असा जबाब घेतला असता तर तालुक्यात चोरी राहिली नसती.

दुसरा नियम: हरवलेलं वेगळं आणि दिलेलं वेगळं. पुलावरून लोक नदीत नाणी टाकतात. काकांना वाळूत रोज पाच-दहा तरी सापडायची. ते काढायचे, पुसायचे, चष्मा वर करून साल वाचायचे आणि परत पाण्यात सोडायचे.

"काका, कायले टाकता?" मी एकदा विचारलं.

"हे हरवलं नाही. हे देल्लेलं हाय. देल्लेल्याले मी हात लावत नाही."

"पण तुम्ही तर नदीबिदी मानत नाही."

काका बौद्ध. घरात बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली स्क्रूड्रायव्हरचे डबे. ते म्हणाले, "मी नाही मानत. पण ज्यानं देल्लं तो मानते ना? वस्तू त्याची, तं मानणं बी त्याचंच."

मी हसले होते. अहो, मी त्यांच्या सगळ्यालाच हसायचे. एकदा हेडमास्तरांसमोर काका यंत्र खांद्यावर टाकून माझ्याशी बोलायला थांबले, तर घरी आल्यावर मी तोंडावर म्हटलं, "काका, मोठ्या माणसाचं खेळणं आहे हे तुमचं. रस्त्यात मला हाक मारत जाऊ नका." काकूंचा हात थांबला. काका म्हणाले, "बरं." आणि नंतर खरोखर कधी रस्त्यात हाक मारली नाही. हे मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षीचा पोळा. माझं गाव दारव्ह्याहून जीपनं पाऊण तास. सुट्टी होती, मी घरी गेले होते. बाबांची एकच जोडी, त्यातला डावीकडचा चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका, तेरा वर्षांचा, आता नांगराला कमी आणि बाबांशी गप्पा मारायला जास्त. संध्याकाळी गावाच्या मैदानात पोळ्याचं तोरण तुटलं, बैल दारात आले. आईनं पाय धुतले, कुंकू लावलं. आमच्याकडे त्या दिवशी घरची बाई आपल्या गळ्यातलं सोनं बैलाच्या कपाळाला लावते, मग पुरणपोळी चारते. आईनं गळ्यातली पोत काढली, चांद्याच्या कपाळाला लावली, पोळीचं ताट पुढे केलं. चांद्यानं चार घासांत ताट चाटून साफ केलं. मागून शेजाऱ्यांचे बैल आले, गर्दी झाली, हसणं-खिदळणं झालं. सगळे गेल्यावर आईनं अंगण झाडलं आणि हात गळ्याकडे नेला.

पोत नव्हती.

ताटात नाही, देव्हाऱ्यात नाही, अंगणात बॅटरी घेऊन पाहिलं, नाही. शेजारची वच्छलाबाई म्हणाली, "माय वो! चांद्यानं खाल्ली!" आणि मी, पुराव्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी गणिताची बाई, मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "हो. मी पाहिलं. त्यानं ताट चाटलं तेव्हाच गेली."

झालं. माझ्या शब्दावर शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी मी दारव्ह्याला परत आले. तिकडे बाबा चांद्याला केळी चारायचे, ढेप भिजवून द्यायचे आणि दोन वेळा शेण काडीनं उलटंपालटं करून पाहायचे. काही निघेना. चौथ्या दिवशी चांद्यानं कुटारावरून, म्हणजे रोजच्या भुश्यावरून, तोंड फिरवलं. जनावरांचे डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, म्हणाले, खात नाही म्हणजे आत धातू टोचत असेल, पोट उघडावं लागेल. वय झालंय, उठेलच असं मी सांगत नाही. मंगळवार ठरला.

बाबांना चांद्या कापायचा नव्हता. पण आईनं गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घातला होता आणि जेवण सोडलं होतं, ते त्यांना बघवत नव्हतं. आईला पोत हवी होती, पण चांद्याच्या अंगाला सुरी लागावी हे तिला मुळीच नको होतं. तिनं जेवण सोडलं होतं ते पोतीसाठी नाही, चांद्यासाठी. आणि दोघं एकमेकांना हे सांगत नव्हते! मला फोनवर वेगवेगळे सांगायचे. बाबा म्हणायचे, "तुह्या मायसाठी करून राह्यलो." आई म्हणायची, "तुह्या बाबाले कसं नाही म्हणू?" मधल्यामध्ये मला रात्रभर झोप नाही.

शनिवारी काकूंनी जिन्यात अडवलं. "तोंड काहून उतरलं? काय झालं?" मी सांगितलं. आत काका पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"मले काहून नाही सांगितलं?"

कसं सांगणार होते मी? खेळणं म्हटलं होतं मी त्यांच्या यंत्राला.

"उद्या पहिल्या जीपनं जाऊ," ते म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रविवारची नदी सोडली.

जीपमध्ये काकांनी यंत्र लुंगीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. एका म्हातारीनं विचारलं, "बंदूक हाय का बापा?" काका म्हणाले, "नाही आजी. फोन हाय." यावर म्हातारीनं पुढे काही विचारलंच नाही.

बैलांच्या कोठ्यात शिरल्यावर त्यांनी आधी सगळ्यांना रिकामं केलं. बांगड्या काढा, जोडवी काढा, बांगडीतल्या पिना काढा, बाबांचा कमरेचा करदोटा सुद्धा काढायला लावला. आई लाजली. मग काका चांद्याजवळ गेले, त्याच्या मानेवरून हात फिरवला, हेडफोन चढवले आणि चकती पोटाजवळ नेली. आम्ही श्वास धरून उभे. काकांचा चेहरा बदलला.

"बोलली?" बाबांनी विचारलं.

"बोललं."

"निघालं ना बाप्पा!" वच्छलाबाई ओरडली. आईनं डोळे मिटले. बाबा एकदम खाली बसले. आता मंगळवार चुकत नाही, हे सगळ्यांना एकदम कळलं.

काकांनी हेडफोन काढले. "पण हे सोनं नाही."

"काय?"

"लोखंड हाय. सोनं बोलते कसं, बारीक, गोड. हे डुकरावाणी घुरते. तार हाय नाही तं खिळा. कुटारातून गेला असंल कधीचा. पोत नाही हे."

आता यावर कोण विश्वास ठेवणार? वच्छलाबाई म्हणाली, पोरीनं आपल्या डोळ्यानं पाहिलं की. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि काकाही माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही पाह्यलं म्हणता. पोत खातांना पाह्यलं का ताट चाटतांना?"

"ताट चाटताना."

"ताटात पोत पाह्यली व्हती?"

 नव्हती पाहिली. वर्गात एखाद्या पोरानं अशी पायरी गाळली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

काका अंगणातल्या बाजेवर बसले. आईला समोर बसवलं. "आता सांगा ताई. पोळ्याच्या दिवशी सकाळपासून."

आई लगेच ताटावर आली. काकांनी हात वर केला. "त्याच्या आंधी." असं करत करत आई आंघोळीपासून सुरू झाली. पुरण शिजवलं, बैल नदीवरून धुऊन आले, झूल घातली, कपाळावर मठाटी बांधली. मठाटी म्हणजे रंगीत दोऱ्यांची, आरसे लावलेली पट्टी. मग संध्याकाळ, मग पूजा.

"पोत कपाळाले लावली?"

"लावली."

"मंग ताटात ठेवली?"

"ठेवली… ठेवतच असतो आमी." आई थांबली. "चांद्यानं मान हालवली व्हती तेव्हा. मी मांगं सरकली. मठाटी तुटून खाली पडली."

"मठाटी कुठं हाय?"

"चिखलात पडली, खराब झाली. झाडलं तेव्हा सुपात टाकली."

"सूप कुठं हाय?"

 सूप कुठे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि मला सगळ्यात जास्त. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत काढतात. रात्री दाराशी ठेवलेली पळसाची फांदी, घरातला केरकचरा, तुटका झाडू, जुनं सूप, सगळं उचलून गावाच्या शिवेवर नाल्याकाठी नेऊन फेकायचं आणि ओरडायचं, 'इडापीडा, रोगराई, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!' त्या वर्षी आईचे पाय दुखत होते. सूप मी नेलं होतं. मी फेकलं होतं. आणि बाप रे, काय जोरात ओरडले होते मी! वर्षभराच्या शाळेचा राग काढला होता.

नाल्याकाठी वाळूत बाभळीच्या बुडाशी सगळ्या गावाचा ढीग पडला होता. पळसाची पानं वाळून कडक झालेली, मध्ये पाऊस झाला होता तर अर्धा ढीग गाळात. कोणी हात लावला नव्हता. मारबतीसोबत गेलेल्या वस्तूकडे परत फिरून बघायचंसुद्धा नसतं, उचलणं तर दूरच. म्हणूनच ते आठ दिवस तिथं जसंच्या तसं होतं. गावची माणसं शिवेच्या अलीकडे थांबली. काका एकटे आत गेले.

यंत्र नुसतं घुरत होतं. काय काय टाकलं होतं लोकांनी! गंजलेली पत्री डबडी, सायकलच्या तारा, दाढीची पाती, अर्धी विळी. काका एकेक फांदी उचलून बाजूला ठेवत होते, चकती फिरवत होते, पुन्हा एक फांदी. एक चांगला स्टीलचा झारा निघाला. तो पाहून शिवेवर उभ्या बायकांत दोघींचं लागलंच, माझा की तुझा. पण घ्यायला एकही पुढे आली नाही. ऊन डोक्यावर आलं. काकांच्या हाताला काटे लागून रक्त निघालं. मी एकदम ती शीव ओलांडून आत गेले.

"पोरी!" आई ओरडली.

"फेकलं मी, शोधीन पण मीच," मी म्हटलं.

आम्ही दोघं शोधत राहिलो. बाबांची सावली त्यांच्या पायाखालून पलीकडे गेली तेव्हा बाभळीच्या मुळाशी, गाळात अर्ध्या गाडल्या गेलेल्या एका फाटक्या सुपाजवळ काका थांबले. उकिडवे बसले. खाली वाकले.

"हॅलो?" ते हळूच म्हणाले.

मी हसले नाही.  त्यांनी गाळात बोटं घातली आणि मातीचा एक गोळा वर काढला. त्यात रंगीत दोरे दिसत होते. त्यांनी गोळा मुठीत झाकला, शिवेजवळ आले आणि आईला म्हणाले, "सांगा ताई. कशी व्हती?"

तेव्हासुद्धा! माझ्या तोंडून शिवी निघणार होती. पण आई शांतपणे सांगू लागली, "काळ्या मण्याची दुपदरी. मधी डोरलं. डोरल्याच्या डाव्या अंगाले एक मणी लाल हाय. काळा फुटला व्हता, तं हिच्या लहानपणच्या मनगटीतला ओवला मी."

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं आईच्या गळ्यात माझा मणी होता आणि मला माहीत नव्हतं.

काकांनी मूठ उघडली. मठाटीच्या दोऱ्यांत गुरफटलेली पोत, आणि चिखलातून एक लाल ठिपका. आईनं हात पुढे केला, तेवढ्यात वच्छलाबाई म्हणाली, "थांब वो! मारबतीसंगं गेलं ते घरात आणत नसतेत. घरावर येते."

आईचा हात मागे गेला. बाबांनी खाली पाहिलं. इतकं करून, अगदी हातावर आलेली पोत, आणि कोणी घेईना! मला भांडायचं होतं, पण भांडून काय, आईच्या मनात एकदा शंका शिरली की ती पोत तिनं पुन्हा कधी घातली नसती.

काकांनी यंत्र गुंडाळून आणलेल्या लुंगीला हात पुसले. "आमच्याकडे मारबत-गिरबत नसते," ते म्हणाले. "पण नियम तुमचा हाय, तं तुमच्याच नियमानं बोलू. मारबतीले काय घेऊन जा म्हणता तुम्ही?"

"इडापीडा," आई म्हणाली. "रोगराई. ढेकूण-मच्छर."

"पोत घेऊन जा म्हणता?"

"नाही."

"ही बाई ओरडली तवा म्हणली व्हती?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग पोत मारबतीले देल्लीच नाही. पोत हरवली. देल्लेल्याले मी हात लावत नाही ताई, नदीचा एक रुपाया घेतला नाही मी आजवर. हे हरवलेलं हाय. हे तुमचं हाय. घ्या."

 मग वच्छलाबाईच म्हणाली, "हे बी खरंच हाय बाप्पा." आईनं पोत घेतली, नाल्याच्या पाण्यात धुतली. बाबांनी तिच्या मागे उभं राहून हळकुंडाचा दोरा सोडला आणि पोत बांधली. भर गावासमोर! आमच्या बाबांनी जन्मात कधी आईचा पदरही नीट केला नव्हता. गाठ बसली, आणि आई म्हणाली, "मले भूक लागली हो."

एवढंच म्हणाली. आणि मी तिथं शिवेवर, चिखलानं माखलेली, शाळेतल्या पोरीसारखी भडाभडा रडले.

बाबा घराकडे धावत सुटले. फोनवर डॉक्टरांना सांगताना त्यांचा आवाज मला अंगणातून ऐकू आला. "साहेब, मंगळवारी या. पण सुरी आणू नका!" डॉक्टरांनी येऊन चांद्याच्या पोटात लोहचुंबक सोडलं. आतलं लोखंड त्याला चिकटून बसतं, टोचत नाही म्हणे. तीन दिवसांनी चांद्या कुटार मागायला लागला. बाबांनी मला मुद्दाम फोन करून त्याचं चावणं ऐकवलं. मी स्टाफरूममध्ये फोन कानाला लावून बैलाचं चावणं ऐकत होते आणि शेजारच्या मॅडमनी विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, घरचेच आहेत.

परत येताना जीपमध्ये मी काकांची माफी मागितली. खेळणं म्हटलं होतं त्याची. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खेळणंच हाय ना. मी कुठं नाही म्हटलं?" मग दारव्ह्याला उतरून बाजारातून चालताना मीच त्यांना मोठ्यानं हाक मारली, समोर आमचे हेडमास्तर उभे असताना.

आता माझी बदली केळापूरकडे झाली आहे. दर रविवारी संध्याकाळी काकांचा फोन येतो. "काय हरवलं का?" मी म्हणते, नाही. ते म्हणतात, "नीट पाहा," आणि फोन काकूंना देतात.

पण पोळ्याला मी गावी असते आणि काका-काकूही असतात. आई दोघांना पुरणपोळी वाढते. चांद्या सोळा वर्षांचा झाला, आता नुसता बसून खातो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गावात जे होतं ते आणखी कुठल्या गावात होत नसेल. मारबत घेऊन अख्खं गाव शिवेवर येतं आणि गप्प उभं राहतं. सुपं, झाडू, पळसाच्या फांद्या ओळीनं वाळूवर ठेवलेल्या असतात. नाडीचा पायजमा आणि रबरी चपला घातलेला एक म्हातारा हेडफोन लावून त्या ओळीवरून चकती फिरवत जातो. आई गळ्यातल्या पोतीवर हात दाबून धरते. वच्छलाबाईसुद्धा श्वास धरते. काका शेवटच्या सुपापर्यंत जातात, थांबतात, हेडफोन काढतात.

"लाइन साफ हाय," ते म्हणतात. "जाऊ द्या आता."

मग आम्ही सगळे मिळून ओरडतो.